पान दोनशे बारा, तळटीप

"चौदा हजार सहाशे बारा," भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवत कंपनीची प्रमुख डॉर्टे म्हणाली. "एका आठवड्यात. सिसेल, तुझं लिखाण आठवड्याभरात चौदा हजार वेळा वाचलं गेलंय बाई. आपल्या गावच्या पेपरालासुद्धा एवढे वाचक नाहीत."

सगळे हसले. टोर्किलही हसला, पण अगदी तोंडदेखलं. त्याने कॉफीच्या कपात नाक खुपसलं आणि कप रिकामा असतानाही दोन घोट घेतले.

"वाचणारा एकच आहे गं, पुन्हा पुन्हा तेच वाचतो," सिसेल म्हणाली. "विसरभोळा आहे बिचारा."

"असू दे. वाचतो तर खरा," डॉर्टे म्हणाली, आणि तिचं बोलणं टोर्किलच्या वर्मी लागलं.

कंपनी नऊ माणसांची, लिमफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठावर. गावोगाव एकेक केंद्र असतं, तिथे पाणी तापवून रस्त्याखालच्या पाइपांतून घराघरांत पाठवतात, त्याने घरं उबदार राहतात आणि हिवाळा सुसह्य होतो. या केंद्रांसाठी लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवत असे. पाइप फुटला की कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, कुठला उघडायचा, कुणाला कळवायचं, ते सगळं त्यातून व्हायचं. पूर्वी माणसं संगणकापुढे बसून ते करायची. आता बरंचसं काम एक एआय एजंट करू लागला होता. त्याला सगळे मदतनीस म्हणत. मदतनीस हुशार, पण परगावचा. त्याला गाव माहीत नाही, पाइप माहीत नाहीत, की माणसं माहीत नाहीत. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक टूलसाठी एक पान लिहिलेलं असे: हे काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा हात लावायचा नाही. मदतनीस ते पान वाचायचा आणि तेवढ्यावर चालायचा. ही पानं सिसेल लिहायची.

सिसेलला येऊन अडीच महिने झाले होते. वय एकतीस. टोर्किलला येत्या शुक्रवारी कंपनीत पंचवीस वर्षं होत होती.

पंचवीस वर्षांत टोर्किलने एक हस्तपुस्तिका लिहिली होती. चारशे बारा पानांची. ऑफिसात तिला 'टोर्किलचं बाड' म्हणायचे. दर दोन वर्षांनी तो तिची सुधारित आवृत्ती काढायचा. ती छापून यायची, जाडजूड फायलीत बसायची, केंद्राकडे जायची आणि तिथल्या खिडकीला अडसर म्हणून लागायची. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा नव्हे, तीन वेळा. तिसऱ्या वेळी खिडकी उघडी होती आणि बाड पावसात भिजत होतं.

आणि ही कालची मुलगी चार-चार ओळींची पानं लिहिते, आणि तिला चौदा हजार. टोर्किलच्या अंगाचा तिळपापड झाला. वाचणारं यंत्र आहे हे त्याला कळत होतं. यंत्राच्या वाचण्याचा हेवा वाटावा हे हास्यास्पद आहे, हेही कळत होतं. म्हणून काही पोटातलं दुखणं कमी होत नव्हतं.

दुपारी सिसेल लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी आली. येताना तिने त्याच्यासाठी कॉफी आणली होती, दूध न घातलेली, त्याला आवडते तशी. एवढं लक्षात ठेवते याचाही त्याला राग आला.

"अरे टोर्किल, तुझी अर्ध्या तासाची मदत हवीये. जुन्या गावाची टूल्स पुढच्या आठवड्यात मदतनीसाच्या हाती देणार आहेत. पानं लिहून झालीयत. तू एकदा नजर घाल ना. तुझ्याइतकं ते गाव कुणालाच माहीत नाही."

"बेंटला विचार. केंद्र तो चालवतो."

"बेंट आठ वर्षांपूर्वी आलाय. तो म्हणाला, टोर्किलला विचार."

टोर्किलने चष्मा लावला. पहिलं पान व्हॉल्व्ह बंद करण्याच्या टूलचं होतं.

'हे टूल एका वेळी एकच व्हॉल्व्ह बंद करते. बंद केल्यावर त्यापुढच्या घरांचे गरम पाणी थांबते. वापरण्याआधी त्या व्हॉल्व्हवरच्या घरांची यादी मागवा. यादीत दवाखाना, पाळणाघर किंवा वृद्धाश्रम असेल तर बंद करू नका, माणसाला विचारा. टूलने नकार दिला तर पुन्हा प्रयत्न करू नका. नकाराचे कारण वाचा, त्यातच पुढे काय करायचे ते दिलेले आहे.'

"मी अशी कल्पना करते," सिसेल म्हणाली, "की एक खूप हुशार माणूस आज पहिल्यांदा कामावर आलाय. त्याला विचारायला लाज वाटत नाही, पण विचारायला कुणी जागेवर नाही. मग त्याला काय काय सांगून ठेवलं पाहिजे? 'योग्य वेळी बंद करा' असं लिहून कसं चालेल? योग्य वेळ म्हणजे किती वाजता?"

टोर्किलच्या बाडात 'योग्य वेळी' हे शब्द किती वेळा आले असतील याचा त्याने मनातल्या मनात अंदाज केला आणि सोडून दिला. पान चांगलं होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्याला असं लिहिता आलं नसतं. त्याने लिहिलं असतं तर सुरुवात पाइपांच्या इतिहासापासून झाली असती, आणि व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत गाव गारठलं असतं.

तो पुढे वाचत गेला. खाली व्हॉल्व्हची यादी होती. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस.

सत्तेचाळीसपाशी त्याची नजर थांबली. मोलेवाय रस्ता, बावीस घरं. दवाखाना नाही, पाळणाघर नाही, वृद्धाश्रम नाही. नकाशावरून घेतलेलं होतं आणि नकाशाप्रमाणे अगदी बरोबर होतं.

पण नकाशा चुकीचा होता. सत्याऐंशी सालच्या जानेवारीत टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचा पाइप गोठून फुटला, तेव्हा केंद्रात पाइप टाकायचं काम करणाऱ्या टोर्किलने आणि त्याचा उस्ताद ओव्हे याने मिळून मोलेवायच्या पाइपाला एक जोड मारून वृद्धाश्रमाला गरम पाणी दिलं होतं. तात्पुरतं. वसंतात नीट करू म्हणून. तात्पुरतं म्हणून नकाशावर काढलं नाही. वसंत आला, मग पुढचा आला, आणि असे जवळजवळ चाळीस वसंत येऊन गेले. सत्तेचाळीस बंद करायचा तर आधी बावन्न उघडायचा, वीस मिनिटं थांबायचं, म्हणजे वृद्धाश्रमाला दुसऱ्या बाजूने पाणी मिळतं. केंद्रातल्या जुन्या लोकांना हे पाठ होतं. जुने लोक निवृत्त झाले, ओव्हे तर वारला. आता हे सांगू शकणारा एकटा टोर्किल उरला होता.

त्याने कप टेबलावर ठेवला. कॉफी अर्धी होती.

"काही राहिलंय का?" सिसेलने विचारलं.

आता सांगायचं आणि मोकळं व्हायचं, इतकं ते सोपं होतं. एक वाक्य. पण त्याच्या डोळ्यांपुढे आलं ते असं: हे वाक्य ती आपल्या चार ओळींत बसवणार, आणि ते चौदा हजार वेळा वाचलं जाणार, आणि पडद्यावर तिचं नाव येणार. बाडात कुठेतरी ते त्याने केव्हाच लिहून ठेवलं होतं. तेव्हा कोण वाचायला आलं होतं?

"नाही," तो म्हणाला. "झकास लिहिलंयस. मला काही राहिलेलं दिसत नाही."

"नक्की?"

"सांगितलं ना."

सिसेलने पानाच्या तळाशी लिहिलं: तपासलं, टोर्किल. तारीख घातली. "थँक्यू हं," म्हणाली आणि उठली.

पुढचा आठवडा अजून लांब आहे, टोर्किलने स्वतःला समजावलं. सोमवारी सांगू. सहज आठवल्यासारखं. त्यात तिचं नाव जरा खाली आलं तर काय बिघडतं?

घरी ग्रेथे त्याच्या शुक्रवारच्या शर्टला इस्त्री करत होती. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती आणि माणसाचा चेहरा पाहून कुठे दुखतंय ते ओळखायची तिला सवय होती.

"कुणी काय म्हणालं तुला आज? चेहरा एवढा आंबट का?"

"काही नाही. ती नवीन मुलगी. चार ओळी लिहिते आणि सगळे तिची आरती ओवाळतात."

"मग तूही चार ओळी लिही की."

"माझं बाड आहे ग्रेथे. चारशे बारा पानं. त्यात सगळं आहे."

"आहे रे, नाही कोण म्हणतंय," ग्रेथेने कॉलर उलटली. "मीसुद्धा वाचायला घेतलं होतं. बेचाळिसाव्या पानापर्यंत गेले. मग ओव्हेच्या कुत्र्याची गोष्ट आली आणि मला झोप लागली."

"ती गोष्ट महत्त्वाची आहे. कुत्र्यामुळेच गळती सापडली होती."

"असेल. पण मला कुठे गळती शोधायची होती?"

शुक्रवारी बोलण्यासाठी त्याने चार पानांचं भाषण लिहिलं होतं. त्याची सुरुवातही ओव्हेच्या कुत्र्यापासूनच होती.

गुरुवारी थर्मामीटर उणे नऊवर गेला. टोर्किल सायकल लावून आत आला तर जिन्यात डॉर्टे फोनवर बोलत होती. तिने हाताने त्याला थांबवलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "मोलेवायला गळती आहे. रस्त्यावर तळं झालंय. बेंटने पुढच्या आठवड्याची वाट न पाहता मदतनीसाच्या हाती दिलं जुनं गाव. सहा चाळीसला सांगितलंय म्हणे, सत्तेचाळीस बंद कर."

घड्याळात आठला दहा कमी होते. सत्तर मिनिटं. उणे नऊमध्ये सत्तर मिनिटं. टेकडीवरच्या त्या इमारतीत साठ-पासष्ट म्हातारी माणसं होती, सकाळची अंघोळ करून घ्यायची वाट पाहणारी. तिथल्या भिंती किती पातळ आहेत ते त्याला माहीत होतं, त्यानेच त्यांतून पाइप नेले होते.

जिन्यातच त्याने बेंटला फोन लावला. हातमोजा दाताने ओढून काढला.

"बेंट, सत्तेचाळीस उघड. आत्ता. बावन्न आधी उघडायला हवा होता, वृद्धाश्रम..."

"अरे हो हो, श्वास घे जरा," बेंटचा आवाज निवांत होता. त्याच्या तोंडात काहीतरी होतं, बहुतेक पाव. "बंद कुठे केलाय? केलाच नाही त्याने."

"काय?"

"मदतनीसाने. बंद केला नाही, मलाच प्रश्न टाकला. काहीतरी तुझ्या बाडातलं लिहिलंय बघ. मी बावन्न उघडला, वीस मिनिटं थांबलो, मग बंद केला. म्हाताऱ्यांना पत्तासुद्धा लागला नाही. तू बघ की तुझ्या संगणकावर, तिथे आहे सगळं."

टोर्किल जिन्यातच बसला. डॉर्टे त्याच्याकडे बघत होती.

"टोर्किल, तुला कसं कळलं?" तिने विचारलं.

"आठवलं," तो म्हणाला.

मग तो आपल्या जागेवर गेला आणि मदतनीसाचा निरोप उघडला.

'व्हॉल्व्ह ४७ बंद केलेला नाही. नकाशानुसार या व्हॉल्व्हवर वृद्धाश्रम नाही आणि टूलच्या पानातही तसा उल्लेख नाही. परंतु जुन्या हस्तपुस्तिकेत पान २१२ वरील तळटिपेत वेगळी माहिती आहे. ती अशी: "सत्याऐंशीच्या जानेवारीत ओव्हे आणि मी इथून टेकडीवरच्या वृद्धाश्रमाला जोड दिला. ओव्हेच्या मिशांवर बर्फ जमला होता आणि तो म्हणत होता की आपण दोघे आता तिथेच भरती होऊ. जोड तात्पुरता आहे पण अजून आहे. सत्तेचाळीसला हात लावण्याआधी बावन्न उघडा आणि वीस मिनिटे थांबा, नाहीतर म्हाताऱ्यांना थंडी वाजेल." दोन्हींपैकी काय खरे ते मला ठरवता येत नाही. कृपया माणसाने सांगावे.'

टोर्किलने ते दोनदा वाचलं. ही तळटीप त्याने चौदा वर्षांपूर्वी लिहिली होती, अगदी बारीक अक्षरात. छापून आल्यावर ती त्याने स्वतःसुद्धा पुन्हा वाचली नव्हती. बाडात ती नेमकी कुठे आहे हे त्याला धड आठवतही नव्हतं. कुणीतरी मात्र दोनशे बाराव्या पानापर्यंत गेलं होतं, तळाशी उतरलं होतं, ओव्हेच्या मिशा ओलांडल्या होत्या आणि शेवटचं वाक्य उचललं होतं.

पण मदतनीसाच्या हाताशी बाड आलं कुठून? डॉर्टेने तर वर्षापूर्वीच ठरवलं होतं की बाड द्यायचं नाही, फार पाल्हाळ आहे. त्याने टूल्सची यादी काढली. अगदी तळाला एक होतं: जुनं बाड. त्याचं पान सिसेलने लिहिलेलं होतं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

'जुन्या गावाविषयी नकाशात न सापडणारे काही शोधायचे असेल तर हे वाचा. नकाशा आणि हे यांत फरक दिसला तर थांबा आणि माणसाला विचारा. लिखाणात पाल्हाळ आहे, पण खोटे काही नाही. लिहिणाऱ्याने यातले बरेचसे पाइप स्वतःच्या हाताने टाकले आहेत.'

टोर्किलने चष्मा काढून पुसला. पलीकडे सिसेल पाठमोरी बसली होती. तिने दिवसभर एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि टोर्किललाही उठून तिच्याकडे जाण्याचा धीर झाला नाही. आपल्या लिखाणाबद्दल एवढं चांगलं पंचवीस वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. आणि ते लिहिणारीलाच तो तोंडघशी पाडायला निघाला होता.

शुक्रवारी त्याच्या टेबलावर छोटा झेंडा लावलेला होता. जेवणाच्या खोलीत मेणबत्त्या, बेकरीचे गोल पाव, चीज, केंद्रातून बेंट आलेला, ग्रेथे नव्या स्कर्टमध्ये. सकाळचे साडेनऊ, तरी प्रत्येकापुढे कडू दारूचा छोटा पेला होता, कारण पंचवीस वर्षं रोज होत नाहीत.

डॉर्टे पेल्यावर चमचा वाजवून उभी राहिली.

"टोर्किल, मी तुझी माफी मागणार आहे," ती म्हणाली. "मी तुझं बाड मदतनीसाला द्यायचं नाही म्हणाले होते. सिसेलने मला न विचारता दिलं. त्याबद्दल तिला रागवावं की नाही ते मी ठरवत होते, तेवढ्यात काल सकाळ झाली. काल बाड नसतं तर टेकडीवरची माणसं गारठली असती. आणि कमाल बघा, त्याच सकाळी याला स्वतःलाही आठवलं. धावत-पळत जिन्यात फोन करत होता, हातमोजा तोंडात धरून. म्हणजे राखण करायला पुस्तकही जागं आणि माणूसही जागा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेंटने टेबलावर बुक्क्या मारल्या. ग्रेथेचे डोळे भरून आले. सिसेल टाळ्या वाजवत होती, पण पावाच्या टोपलीकडे बघत.

मग गाणं. असल्या प्रसंगी कुणीतरी घरी बसून गाणं जुळवतं, त्याचे कागद वाटतात आणि सगळे उभे राहून माहितीतल्या चालीवर गातात. यात सुटका नसते. ज्याच्यासाठी गायचं त्याने मधोमध बसून ऐकायचं असतं. डॉर्टेने आधीच्या गाण्यात रातोरात एक कडवं वाढवलं होतं.

"पंचवीस वर्षं बाड लिहिलं, हसलं सारं गाव,
सत्तेचाळीस फिरता फिरता आठवलं ते नाव.
म्हाताऱ्यांच्या खोल्या राहिल्या उबदार नि छान,
जय बोला रे टोर्किलचा, अन् दोनशे बारावं पान."

ते कडवं त्यांनी दोनदा म्हटलं. पंचवीस वर्षं टोर्किलने याच दिवसाची वाट पाहिली होती. कुणीतरी बाड वाचावं, कुणीतरी चारचौघांत तसं म्हणावं. आता खोलीभर माणसं त्याच्या पानाचा नंबर गात होती आणि त्याला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. कागदांच्या वरून त्याने सिसेलकडे पाहिलं. ती गात होती. तिलाही शब्द पाठ नव्हते, त्यामुळे मान खाली होती. ती काही बोलणार नव्हती. महिनाअखेर तिचे नोकरीत कायम होण्याआधीचे चाचणीचे तीन महिने संपत होते आणि सत्तेचाळीसच्या पानावर खाली त्याचं नाव, वर तिचं. कुणी ते पान उघडलं असतं तर चूक लिहिणारीचीच धरली असती, तपासणारा विसरला म्हणून सुटला असता. तरी ती बोलणार नव्हती.

"भाषण! भाषण!" बेंट ओरडला.

टोर्किल उभा राहिला. खिशात चार पानं होती. त्याने खिशाला हात लावला आणि काढून घेतला.

"बुधवारी सिसेलने मला सत्तेचाळीसचं पान तपासायला दिलं," तो म्हणाला. "त्यात वृद्धाश्रम नाही हे मला दिसलं. तिने विचारलं काही राहिलंय का. मी नाही म्हणालो. मी विसरलो नव्हतो. मला तिचा हेवा वाटत होता. काल फोन केला तो भीतीने केला. चूक तिची नाही, माझी आहे."

तो खाली बसला. पंचवीस वर्षांत टोर्किलने एवढं थोडक्यात काही सांगितलं नव्हतं.

एक मेणबत्ती तडतडली. डॉर्टेच्या हातात गाण्याचा कागद होता, तो तिने दुमडला, पुन्हा दुमडला. ग्रेथेने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मग कॉफीचं भांडं उचलून पहिला कप सिसेलला भरला आणि दुसरा त्याला. बेंट घसा खाकरून म्हणाला, "पाव निवतायत," आणि एक उचलला. मग इतरांनीही उचलले. गप्पा सुरू झाल्या, पण हळू आवाजात. टोर्किलशी कुणी तुटक वागलं नाही, पण पाठीवर हात ठेवायलाही कुणी आलं नाही. अकराच्या आधीच खोली रिकामी झाली. जाताना डॉर्टे एवढंच म्हणाली, "सोमवारी बोलू."

सिसेल मागे राहिली होती. चुरा गोळा करत होती.

"मला माहीत होतं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कालचा निरोप वाचला तेव्हाच कळलं. तू सत्तेचाळीसपाशी थांबला होतास. कप अर्धा ठेवलास. तू कॉफी कधी टाकत नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. काल दिवसभर बघितली." तिने चुरा टोपलीत झटकला. "वाईट वाटलं मला टोर्किल. खूप. ते काही एवढ्यात जाणार नाही."

"बरोबर आहे."

"तुझं बाड मी अख्खं वाचलंय. पहिल्याच महिन्यात. कुत्रासुद्धा. बारीक अक्षरातल्या तळटिपा तेवढ्या राहिल्या. नाहीतर मला कसं कळलं असतं की ते द्यायला हवं?"

वाचक तर त्याच्या शेजारच्या टेबलावर बसला होता, अडीच महिने, आणि तो भिंतीवरचे आकडे मोजत होता.

सिसेलने लॅपटॉप उघडला. "तळटीप मी वर घेतलीये. बघ." तिने पान त्याच्यापुढे सरकवलं. सत्तेचाळीसपुढे आता लिहिलेलं होतं: 'यावर टेकडीवरचा वृद्धाश्रमही आहे, नकाशात दिसत नाही. आधी ५२ उघडा, वीस मिनिटे थांबा, मगच बंद करा.' तळाशी 'तपासलं' या शब्दापुढची जागा रिकामी होती. त्याचं नाव तिने काढून टाकलं होतं.

टोर्किलने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. अकराच्या अकरा टूल्सची पानं, एकेक व्हॉल्व्ह. बोट ठेवून वाचत गेला. सिसेल शेजारी बसून राहिली. बाहेर उन्हं आली, फ्योर्डवरचा बर्फ चमकला, आणि उन्हं गेलीसुद्धा.

"उणे दहाच्या खाली असेल तर वीस मिनिटं पुरत नाहीत," तो म्हणाला. "तीस लिही."

तिने लिहिलं.

"एकसष्ट नंबर उजवीकडे फिरवला की उघडतो. बाकीचे डावीकडे. यंत्राने फिरवला तर अडचण नाही, पण माणसाला पाठवायची वेळ आली तर त्याला सांगावं लागेल."

तेही तिने लिहिलं. "का उजवीकडे?" तिने विचारलं.

टोर्किलने तोंड उघडलं. त्यामागे मोठी गोष्ट होती, स्वीडनहून आलेल्या एका खोक्याची आणि ओव्हेच्या हट्टाची. त्याने ती गिळली. "तसाच आला होता," तो म्हणाला.

सिसेलने पान पाठवलं. 'तपासलं'पुढची जागा रिकामीच होती. तिने विचारलं नाही, आणि त्याने मागितली नाही.

तो कोट आणायला आपल्या टेबलाशी गेला. झेंडा तसाच होता. तो त्याने खाली उतरवून घडी केला आणि खणात ठेवला. भिंतीवरच्या पडद्यावर नवीन पानाचं नाव आलं होतं, त्यापुढे शून्य. टोर्किल एक हात बाहीत घालून उभा राहिला. एक चाळीसला शून्याचा एक झाला. केंद्रात मदतनीसाने ते पान उघडलं होतं. थोड्या वेळाने दोन झाले. टोर्किलने दुसरा हात बाहीत घातला, बटणं लावली आणि ग्रेथे खाली थांबली असेल म्हणून जिना उतरू लागला.